गोराईचं आकाश मोकळं होतं

मिलिंद, तू गेल्याला आज नववा दिवस. तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे ठरवून बसले होते, पण जमत नाही. वीस-एकवीस वर्षांच्या ओळखीत आपण एकमेकांशी चांगलं असं कधी बोललोच नाही, ते आता एकदम कुठून आणू? तू असतास तर म्हणाला असतास, "शुभा, नाटकं बंद कर, मुद्द्यावर ये." तर मुद्द्यावर येते.

मुद्दा असा, की मी तुझ्याशी खोटं बोलत होते. एकदा नाही. जवळजवळ दीड वर्षं, रोज, पगार घेऊन. आणि अगदी शेवटी एकदा, इस्पितळात, तुझ्या खाटेच्या कडेला बसून. पहिल्या खोट्याची मला कधीच फारशी लाज वाटली नाही, हेही आजच सांगून टाकते.

एके काळी मुंबईत लोक उपग्रहावरून रेडिओ ऐकायचे आणि त्यासाठी वर्षाची वर्गणी भरायचे, हे आज सांगायला गेलं तर ऐकणारा माझ्या तोंडाकडे बघत राहतो. माझ्या भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "गाण्यांसाठी पैसे? आणि गाणं पण आपण निवडायचं नाही? मावशी, कोण येडे होते ते?" मी म्हटलं, होता एक. त्याला मी ओळखते.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरचा तो गाळा. खाली पुठ्ठ्याचे खोके बनायचे, त्यामुळे आपल्या डब्यातल्या भाजीलासुद्धा खळीचा वास यायचा. रेडिओची कंपनी मोठी, लांबची. आपण तिचे इथले एजंट. उपनगरांत संच विकायचे, बसवायचे आणि वर्गणी चालू ठेवायची, एवढं आपलं काम. तू बसवणारा. मी फोनवर. ज्याचं वर्ष संपत आलं त्याला फोन करायचा, गोड बोलून पुढचं वर्ष भरायला लावायचं, आणि जो नको म्हणेल त्याचं कारण तक्त्यात लिहायचं.

पहिल्याच आठवड्यात तू माझी शाळा घेतलीस. घाटकोपरचे एक गृहस्थ फोनवर म्हणाले होते की फार खरखर येते. मी इमानदारीत तसं लिहिलं. तू तो कागद वाचलास आणि सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असा हसलास.

"खरखर? अगं ए, हा काय एफएम आहे का? उपग्रहाच्या रेडिओत खरखर नसते. आवाज येतो, नायतर येत नाही. मधलं काय नसतंच. जो खरखर म्हणाला ना, तो खोटं बोलतोय. लिहून ठेव."

मी खरंच लिहून ठेवलं. फोनखालच्या काचेखाली चिठ्ठी सरकवली: खरखर म्हणजे खोटं. पुढे कितीतरी महिने ती तिथेच होती.

तुझं काम बघायला मजा यायची, हे मी तुला कधी म्हटलं नाही. गळ्यात शाळेतल्या पीटीच्या मास्तरांच्या शिट्टीसारखं होकायंत्र. कुणाच्याही घरात शिरलास की आधी चपला काढायचास आणि मग थेट विचारायचास, "किचन कुठंय?" बायका चमकायच्या. उपग्रह आपल्याकडून आग्नेय दिशेला, आणि वास्तूच्या नादाने बिल्डरांनी निम्म्या मुंबईची स्वयंपाकघरं आग्नेयेलाच काढून ठेवलेली. वास्तुशास्त्राला तू थोतांड म्हणायचास, पण त्याच थोतांडाने तुझं अर्धं काम सोपं केलं होतं. दिवाणखान्यात मिरवायला म्हणून घेतलेला संच शेवटी कुकरच्या शेजारी जाऊन बसायचा. साहेब वैतागायचे. त्यांना गाडीतून फिरणारा ग्राहक हवा होता, आणि तू त्यांना फोडणी देणारा ग्राहक आणून देत होतास.

मग ती पुस्तकाएवढी अँटेना ग्रीलला बसवायची, दोन हात मागे सरकून होकायंत्र बघायचं, परत पुढे जाऊन नखभर हलवायची. "लोखंडाजवळ काटा फसतो, लांबून बघायचं," असं प्रत्येक घरात प्रत्येकाला सांगायचास, कुणी विचारलेलं नसताना. आणि पेच आवळून झाला की तुझं ठरलेलं वाक्य, "जोपर्यंत तो वर आहे, तोपर्यंत हा वाजणार." असं वचन द्यायला तुला कुणी सांगितलं होतं रे? कंपनीच्या माहितीपत्रकात कुठेही नव्हतं ते.

मुलुंडला माझ्याही स्वयंपाकघरात तूच संच बसवलास. कर्मचाऱ्यांना फुकट होता. चार महिने ऐकला आणि मग मला कंटाळा आला. दुसरं काही कारण नाही. मी त्याच्या जागी मिक्सरची पिन लावली आणि विसरून गेले. एका रविवारी तू चहाला आलास आणि बसायच्या आत तुझी नजर त्या प्लगकडे गेली.

"काय गं, ऐकत नाहीस?"

कंटाळा आला म्हणणं सोपं होतं. पण तुझा चेहरा असा झाला होता, जणू मी तुझ्या पोरीला काळी म्हटलंय. मी म्हटलं, "आवाज जातो रे मधेच. सिग्नल नाही वाटतं."

झालं. तू चहा तसाच ठेवून ग्रीलवर चढलास. तासभर तिथे लटकून कोन बघत होतास. आमची आई खालून ओरडत होती, "अरे झिला, उतर खालती, पडतलंस! माका नको तुझो रेडिओ!" शेवटी पिन लावलीस आणि संच वाजला. वाजणारच होता, त्याला काही झालंच नव्हतं. तू मात्र घामाने भिजलेला, खूश. "दोन अंश सरकला होता गं," म्हणालास. थंड चहा एका घोटात प्यायलास. त्या दिवशी मला कळलं की सिग्नल म्हटलं की मिलिंद दुखावत नाही, कामाला लागतो. हे कळायला नको होतं मला.

धंद्याची वाढ मंदावली हे विक्रीच्या टेबलावर सगळ्यात शेवटी कळतं. तिथे पेढेच वाटत असतात. माझ्यासारखीच्या टेबलावर ते आधी कळतं, कारण लोक नको म्हणायला तिथे येतात. पहिल्या वर्षी लोक हौसेने घेत होते. दुसऱ्या वर्षी माझ्या फोनला "बघतो", "ह्यांना विचारते", "पुढच्या महिन्यात करा" सुरू झालं. तिसऱ्या वर्षी सरळ, "नको आता. मोबाइलमध्ये आहेत गाणी." कुणी भांडत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं, त्यांना तो नुसता नको झाला होता. भांडणारा ग्राहक परत मिळवता येतो, पण कंटाळलेल्याला काय सांगणार?

मी तसंच लिहीत होते. एका सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. तक्ता पुढे ठेवला आणि समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. जो नको म्हणतो तो गेला, त्याचं नाव कंपनी कापते. पण ज्याला सिग्नल नाही तो अजून आपलाच, फक्त दुरुस्त व्हायचाय. त्याचं नाव राहतं. नावं राहिली तर वरचे लोक म्हणतील वाढ थोडी मंद आहे, पण धंद्याला भविष्य आहे, अजून गुंतवणूक येईल. नावं गेली तर हा गाळा बंद. "मॅडम, शक्य असेल तिथे सिग्नल लिहा ना," ते म्हणाले.

त्यांनी धमकी दिली नाही. मी रडले नाही. बाहेर आले, चहा घेतला आणि लिहायला लागले. बोरिवली, नको झालं: सिग्नल. अंधेरी, मुलगा गाणी भरून देतो: सिग्नल. मुलुंड, डोकं दुखतं: सिग्नल. "आवाज जातो" असं लिहायचे, खरखर नाही. तेवढी शिकले होते तुझ्याकडून.

सिग्नल लिहिलं की दोष कुणाचा, हे मला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. माहीत होतं. दर सोमवारी साहेब सगळ्यांसमोर ती यादी वाचायचे आणि तू उभा राहायचास. "मिलिंद, तुझा हात वाकडा आहे की डोळा?" असं ते एकदा म्हणाले आणि सगळा गाळा हसला. मीही हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले.

तू मुकाट्याने यादी घेऊन परत त्या घरांमध्ये जायचास. मला पहिले काही दिवस भीती होती, की तिथे गेल्यावर लोक तुला खरं सांगतील. कुणी सांगितलं नाही. माणूस दारात घामाघूम उभा, हातात स्क्रूड्रायव्हर, चपला काढून विचारतोय, "आवाज जातो का ताई?" अशा माणसाला तोंडावर नको कोण म्हणणार? "हो ना, बघा ना जरा," म्हणायचे आणि तुला चढू द्यायचे. माझ्यासारखेच सगळे. तू कोन दुरुस्त करून निघालास की ते मला फोन करायचे, "अहो, पुन्हा माणूस पाठवू नका, आम्हाला नकोच आहे."

आणि मग गोराई. इतकी वर्षं मी बाकी सगळं पचवलं, ते एक घशात अडकलंय.

गोराईच्या त्या आंटीचं घर तू स्वतः मिळवलं होतंस. होडीने पलीकडे जाऊन, त्यांच्या ओट्यावर बसून, दोन वाट्या सुंगटाचं कालवण खाऊन. महिनाभर गाळ्यात तेच सांगत होतास. त्यांचा नवरा मासेमारी सोडून घरी बसलेला, त्याला इंग्रजी गाण्यांचं वेड. वर्ष संपल्यावर मी फोन केला. आंटी म्हणाल्या, "बाय, त्याला आता कानाला ऐकू नाय येत. आमी काय करू त्या डब्ब्याचं? काढून ने." मी लिहिलं: गोराई, सिग्नल.

यादी वाचून तू माझ्या टेबलापाशी आलास. इतका गोंधळलेला मी तुला कधी पाहिला नव्हता.

"शुभा, गोराईत सिग्नल जातो?"

"असं म्हणतात बाबा त्या."

"अगं पण तिथे आकाशाशिवाय आहे काय? ना बिल्डिंग, ना झाड. तिथे आंधळ्याने लावली तरी लागेल."

"मग तुझं तूच बघ," मी म्हटलं आणि फोन उचलला. पलीकडे कुणीच नव्हतं. मी नुसताच कानाला लावला होता.

तू सुट्टीच्या दिवशी गेलास. आंटींनी तुला जेवायला वाढलं आणि डब्याबद्दल चकार शब्द काढला नाही. संच तुझ्यासमोर व्यवस्थित वाजला. तू परत आलास तो वेगळाच. तोपर्यंत तू भांडत होतास, बिल्डरांना शिव्या घालत होतास, समोर टॉवर उभे राहतात तर मी काय करू म्हणत होतास. गोराईला टॉवर नव्हता. मोकळ्या आकाशाखाली आवाज जात असेल तर बसवणाराच चुकला. तू स्वतःच तसा निकाल लावून टाकलास. सोमवारी साहेबांनी तुझं नाव घ्यायच्या आधी उठून म्हणालास, "सर, माझा कोन चुकतोय." मी तेव्हा पेन्सिलीला टोक काढत होते.

पुढे काय व्हायचं ते झालंच. नावं कागदावर ठेवून धंदा जगत नसतो. एक दिवस कंपनीनेच सेवा बंद केली, सगळ्या देशात एकदम. शेवटच्या संध्याकाळी तू गाळ्यातले सगळे संच एकाच वाहिनीवर लावून ठेवलेस. बासरी चालू होती. मधेच थांबली. सूर खाली आला नाही, खरखर नाही, काही नाही. होता आणि नव्हता. तू खिडकीतून वर बघून म्हणालास, "तो आहे अजून वर. त्याला काय माहीत खाली वाट लागलीय." बाकीचे खुर्च्या मोजत होते.

नंतरची पंधरा-सोळा वर्षं तू साकीनाक्याला सीसीटीव्हीचे कॅमेरे बसवलेस. मी आधी मोबाइलवर गाणी विकणाऱ्यांकडे फोनवर होते, मग विम्यात गेले. तिथेही लोक नकोच म्हणतात. तुझं डोकं मात्र तिकडेच. "अमेरिकेत चालतंय ना? तिथे गाड्यांत आहे. म्हणजे माल चांगला होता. आपणच लावायला चुकलो." तू "आपण" म्हणायचास, पण बघायचास स्वतःच्या हाताकडे. एक वही होती तुझी. तिच्यात घरांची नावं आणि अंश. बोरिवलीच्या अमक्या इमारतीत आता लावला असता तर किती अंशांवर लावला असता, असले हिशोब. माझ्या भाचीच्या लग्नात, हातात आइस्क्रीम घेऊन, तू मला पाच अंशांच्या फरकाने काय होतं ते समजावत होतास. मी म्हटलं, "मिलिंद, तू आणि तुझा कोन एकाच चितेवर जाळायला लागतील." सगळे हसले. तूही.

मी थांबले नाही. तिकडच्या कंपनीचे ग्राहक घटले अशी कुठे बातमी आली की पहिली तुला पाठवायची. नव्या गाडीबरोबर काही महिने फुकट मिळतो तोवर ऐकतात, फुकटचे महिने संपले की काढून टाकतात, नवीन माणूस येत नाही, वाढ थांबली, पुढचं काही खरं नाही. अशा प्रत्येक बातमीखाली मी हसऱ्या तोंडाची तीन चित्रं टाकायचे. तू उत्तर द्यायचास, "थांब, बघशील." मला तुला हरवायचं होतं असं नाही. तू एकदा स्वतःच म्हणावंस की लोकांनाच नको होता तो, एवढंच हवं होतं. तू म्हणाला असतास तर मला माझं सांगावं लागलं नसतं. शेवटची बातमी मी तुला पाठवली त्या दिवशी तुला दाखल केलं होतं. मला माहीत नव्हतं. प्रज्ञाने, तुझ्या बायकोने, फोन करून सांगितलं. तुझं उत्तर त्याआधी आलेलं होतं: "थांब."

अंधेरीच्या इस्पितळात मी आले तेव्हा चार वाजले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हात काड्या. कावीळ म्हणता म्हणता यकृतच गेलं होतं. प्रज्ञा चहा आणायला खाली गेली आणि तू जणू त्याचीच वाट बघत होतास.

"शुभा, एक विचारू? खरं सांगशील?"

"तुला कधी खोटं सांगितलंय?" हे म्हणण्याइतकी मी निर्लज्ज आहे.

"ती गोराईवाली. खरंच सिग्नलचं होतं ना? की त्यांना नकोच होता?"

मिलिंद, त्या एका क्षणात मी काय काय तोललं ते ऐक. खरं सांगितलं तर तुझ्या हातावरचा डाग जाईल. तू कधीच चुकला नव्हतास, एकाही घरात नाही. पण मग ज्या डब्यापायी तू अर्धी मुंबई चढलास-उतरलास तो कुणालाच नको होता, हेही तुला कळेल. आणि तुला घरोघर हसवत, जेवू घालत, खोटं बोलून फिरवत राहिलो आम्ही सगळे, हेही. खोटं सांगितलं तर तू चुकलेला राहशील, पण तुझा रेडिओ चांगला राहील. मला वाटलं, मरताना माणसाला दुसरं जास्त सोयीचं. मलाही तेच सोयीचं होतं, ते वेगळं सांगायला नको.

"सिग्नलच होता रे," मी म्हटलं. तू अजून बघत होतास, म्हणून जरा पक्कं केलं. "मला स्वतः म्हणाल्या त्या आंटी. नुसती खरखर येते म्हणून."

तू माझ्याकडे बघत राहिलास. "खरखर," म्हणालास.

"हो ना. सगळे तेच म्हणायचे."

तू माझ्या हातावर हात ठेवलास. गरम होता. "बरं," म्हणालास. "जा तू आता. साकीनाक्याला अडकशील."

मी रिक्षात बसले आणि स्वतःवर इतकी खूश झाले, की वाटेत उतरून उसाचा रस प्यायले. दोन दिवसांनी तू गेलास.

तुझ्या जलदान विधीच्या सकाळी मला काय सुचलं कोण जाणे. माझ्या ग्रीलवर ती अँटेना अजून आहे. इतकी वर्षं मी तिच्यावर भांडी पुसायचं फडकं वाळत घालते. फडकं काढलं, ओट्यापाशी दोन हात मागे उभी राहिले, तुझ्यासारखी, आणि मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. आज तिच्या समोर तेवीस मजल्यांचा टॉवर आहे. पण कोन, मिलिंद, नेटवर शोधून ताडून बघितला, अंशाचाही फरक नाही. इतक्या वर्षांत हललेली नाही. तेव्हा ठरवलं की आज सगळ्यांसमोर बोलायचं. तुला नाही सांगितलं, निदान तुझ्या माणसांना सांगायचं, की मिलिंदचा कोन कधीच चुकला नाही.

घाटकोपरच्या विहारात दीडेकशे माणसं होती. भंतेजींचं झालं. प्रज्ञा मला म्हणाली, "ताई, तुम्ही बोला दोन शब्द. ते म्हणायचे, शुभाला तोंड आहे." मी उठले. माइक हातात घेतला. "मिलिंदचा कोन," एवढं म्हणाले आणि माइकमधून घाणेरडा आवाज आला. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ ताई, खरखर येतेय. जरा लांब धरा."

मी माइक खाली घेतला. माझ्या डोळ्यांपुढे फोनखालची ती काच आली आणि काचेखालची चिठ्ठी, माझ्याच अक्षरातली.

जी गोष्ट तू मला पहिल्या आठवड्यात शिकवलीस, जी दीड वर्षं खोटं लिहितानासुद्धा मी सांभाळली, ती नेमकी तुझ्या खाटेशेजारी विसरले. तुला खोटं पक्कं करून द्यायला गेले आणि खरं काय ते तुझ्या हातात ठेवून आले. तुला त्याच क्षणी कळलं. आंटींना नको होता. बोरिवलीला, मुलुंडला, सगळीकडे नको होता. शुभा खोटं बोलतेय, आणि आजच नाही. तरी तू मला शिवी दिली नाहीस. ट्रॅफिकची काळजी केलीस. शिवी दिली असतीस तर मी आज जरा बरी झोपले असते.

लोकांना वाटलं, मैत्रिणीला हुंदका आला. कुणीतरी माइक घेतला, कुणीतरी पाणी दिलं. प्रज्ञाने मला धरून बाहेर पायरीवर आणून बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मी विचारलं, शेवटचे दोन दिवस काही बोलला का?

"नाही ओ. गप्पच होते. भिंतीकडे तोंड करून." मग आठवून म्हणाली, "एकदाच म्हणाले. 'माझा कोन बरोबर होता', असं काहीतरी. मला वाटलं खूश होऊन म्हणतायत, तर बघते तर रडत होते. तुम्ही दोघं एकत्र होता ना कामाला. तुम्हाला काही कळतं का ताई, काय म्हणायचं होतं त्यांना?"

तिचा चेहरा माझ्या अगदी समोर होता, मिलिंद. तोंड होतं मला. तू म्हणायचास तसं.

मी म्हटलं, "नाही गं. तापात माणूस काहीही बोलतो."